संगणकाचा ‘ताप’ : प्रोसेसरचा की उन्हाचा?

बुलडाणा : घाटावर आणि घाटाखाली असे या जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यात रुळले आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलडाणा शहर विदर्भात तुलनेने थंड मानले जाते. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, शेगाव, खामगाव येथे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणे नवे नाही. एकाच बनावटीचा संगणक वर आणि खाली चालविला, तर प्रोसेसरच्या तापमानाचे आकडे वेगळे दिसतील. तरीही दोन्ही संगणक निर्दोष असू शकतात. हे ध्यानात न घेतल्यास उन्हाळ्यात विनाकारण दुरुस्तीचा खर्च होतो, किंवा खरा बिघाड ‘ऊन आहे’ म्हणून दुर्लक्षिला जातो.

प्रोसेसर थंड होतो तो खोलीतल्याच हवेने. खोली जितके अंश अधिक तापेल, साधारण तितकेच अंश प्रोसेसरचा आकडाही वर सरकतो. त्यामुळे ‘कोअर टेम्प’ किंवा ‘एचडब्ल्यू मॉनिटर’ यांसारख्या सॉफ्टवेअरमधील आकड्यातून खोलीचे तापमान वजा करून पाहावे. खोली २८ अंश आणि प्रोसेसर ४३ अंश, म्हणजे फरक १५. खोली ४१ अंशांवर गेल्यावर ५६ दिसले, तर फरक तोच, अर्थात बिघाड नाही. डेस्कटॉप संगणकावर काही काम चालू नसताना १० ते २० अंशांचा फरक स्वाभाविक समजावा. लॅपटॉपचा आकडा याहून चढाच असतो.

जड काम सुरू असताना मात्र कमाल मर्यादेकडे पाहावे लागते. इंटेलच्या बहुतेक आधुनिक प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास आहे. एएमडीने २०२२ मध्ये आणलेल्या रायझन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील, हे कंपनीने गृहीतच धरले आहे. मर्यादा गाठताच प्रोसेसर आपला वेग कमी करतो. त्यानेही भागले नाही तर संगणक बंद पडतो. जतन न केलेले काम अशा वेळी हातचे जाते.

आकडाही नेहमी खरा बोलतो असे नाही. इंटेलचा अंतर्गत संवेदक मर्यादेपासूनचे अंतर मोजतो, म्हणून कमी तापमानाला त्याची अचूकता घसरते. पंख्याने थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा गार दिसला, तर ती मोजणीची चूक समजावी. २०१७ मधील रायझन १७०० एक्स आणि १८०० एक्स हे प्रोसेसर तर हेतुपुरस्सर २० अंश वाढवून आकडा कळवीत. जुन्या सॉफ्टवेअरवर तो पाहून अनेकांच्या पोटात गोळा आला होता.

फरक महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेला असेल, तर संशय धुळीवर घ्यावा. कापसाच्या जिनिंगजवळ हवेतील तंतू हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात. ते ब्लोअरने काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा. याउलट, काम सुरू करताच काही सेकंदांत आकडा नव्वदीपार गेला, तर हीटसिंक सैल झाला असण्याची किंवा थर्मल पेस्ट वाळली असण्याची शक्यता असते. वाण्याच्या दुकानातील वाटाण्याएवढी नवी पेस्ट त्यास पुरते. संगणक कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नये. दमट हवेने आतील धूळ चिकटून बसते.