सॅन होजेची चुकलेली गाडी

भारतातून आई-वडील बे एरियात आले, की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न हमखास येतो. "अरे, एवढा श्रीमंत देश, आणि साधी लोकल नाही?" मग आपण बार्टचं नाव सांगतो, कॅलट्रेनचं सांगतो. नकाशा दाखवला की पुढचा प्रश्न तयारच असतो. बार्टची एक रेघ ओकलंडहून फ्रीमाँटकडे उतरते, दुसरी सॅन फ्रान्सिस्कोहून विमानतळ आणि मिलब्रेपर्यंत येते. पण खाली सनीव्हेल, सांता क्लारा, क्युपर्टिनो, म्हणजे जिथे आपली निम्मी मंडळी राहतात, तिथे बार्ट का नाही?

या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर पार्ट्यांमध्ये ऐकू येतं: मोटार कंपन्यांनी कट करून आगगाड्या बंद पाडल्या. त्यात तथ्य आहे. ओकलंड-बर्कलीच्या बाजूला 'की सिस्टिम' नावाची विजेच्या गाड्यांची कंपनी होती. १९३९ पासून तिच्या गाड्या बे ब्रिजच्या खालच्या मजल्यावरून थेट सॅन फ्रान्सिस्कोला जात. होय, आज आपण ज्या पुलावर अडकून पडतो, त्याच पुलावरून! १९४६ मध्ये नॅशनल सिटी लाइन्सने या कंपनीचा ताबा घेतला. तिच्यामागे जनरल मोटर्स, फायरस्टोन, स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया यांचा पैसा होता. १९४९ मध्ये या मंडळींना बस आणि इतर सामान पुरवण्याची मक्तेदारी केल्याबद्दल दोषीही ठरवलं गेलं. एप्रिल १९५८ मध्ये पुलावरची शेवटची गाडी धावली, रूळ उखडले गेले आणि दोन्ही मजले मोटारींना मिळाले.

पण एवढ्यावर सगळं खापर कंपन्यांच्या डोक्यावर फोडणं मला पटत नाही. कारण सॅन होजेची गाडी चुकली ती कुणा कंपनीच्या बंद खोलीत नव्हे. ती चुकली लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या सभेत आणि मतपत्रिकेवर.

१९५१ मध्ये राज्य सरकारने बे एरियासाठी रॅपिड ट्रान्झिट आयोग नेमला. त्याच्या डोळ्यांसमोर खाडीभोवतालच्या नऊच्या नऊ काउंट्या होत्या. प्रत्यक्षात १९५७ मध्ये बार्टचा डिस्ट्रिक्ट स्थापन झाला तेव्हा त्यात पाचच उरल्या: सॅन फ्रान्सिस्को, अलामेडा, कॉन्ट्रा कोस्टा, मरीन आणि सॅन मटेओ. आपली सांता क्लारा काउंटी सुरुवातीलाच बाहेर राहिली. तेव्हा इकडे सिलिकॉन नव्हतं, जर्दाळूच्या बागा होत्या. १९५० साली सॅन होजेची वस्ती एक लाखाच्याही आत होती. सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या गाडीसाठी आम्ही कर का भरायचा, असं इथल्या माणसाला वाटलं तर त्याला वेडा म्हणता येणार नाही. (१९७० साली हीच वस्ती साडेचार लाखांच्या घरात गेली होती!)

त्याऐवजी काउंटीने काय केलं? १९६१ मध्ये इथल्या मतदारांनी ७ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, एक्सप्रेसवे बांधण्यासाठी. लॉरेन्स, सेंट्रल, सॅन टोमास, माँटेग्यू... सकाळी लाल दिव्याला शिव्या घालत आपण ज्या रस्त्यांनी ऑफिसला जातो, तेच हे.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. रस्त्याला पैसा कुठून येतो आणि रेल्वेला कुठून, यात तेव्हा जमीन-अस्मानाचा फरक होता. १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांच्या काळात केंद्राचा महामार्ग कायदा आला. पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनमागे दोनाचे तीन सेंट झाला आणि तो पैसा महामार्गांच्या स्वतंत्र निधीत जाऊ लागला. इंटरस्टेट रस्ता बांधायचा तर शंभरातले नव्वद डॉलर केंद्र देणार. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतही १९३८ पासून पेट्रोलच्या कराचा पैसा रस्त्यांसाठी राखलेला होता. म्हणजे गाडीत पेट्रोल भरलं, की रस्त्याची वर्गणी आपोआप जमा, आणि ती कुणाला टोचतही नाही. रेल्वेसाठी मात्र घरपट्टी वाढवायची आणि त्यासाठी लोकांच्या दारात मत मागायला जायचं. एकाचा पगारातून परस्पर कापला जाणारा पीएफ, दुसऱ्याची दारोदार फिरणारी गणपतीची पावती! मुंबईत नव्वदच्या दशकात पंचावन्न उड्डाणपुलांचा घाट घातला तेव्हा तरी कुणी आपलं मत विचारलं होतं?

परत १९६१ मध्ये येऊ. डिसेंबरात सॅन मटेओ काउंटीच्या बोर्डाने बार्टमधून अंग काढून घेतलं. खर्च फार, आणि सदर्न पॅसिफिकच्या गाड्या आमच्याकडे आहेतच, असं कारण दिलं गेलं. गिऱ्हाईक गाडीत बसून सॅन फ्रान्सिस्कोच्या दुकानांत जाईल, ही धास्तीही होती. सॅन मटेओ गेल्यावर मरीनचा खर्चाचा हिशेब कोलमडला. त्यात गोल्डन गेट पूल रेल्वेचा भार पेलेल की नाही यावर इंजिनिअरांत वाद. १९६२ मध्ये मरीनही बाहेर. पाचाच्या तीन झाल्या.

या तीन काउंट्यांत ६ नोव्हेंबर १९६२ ला मतदान झालं, ७९ कोटी २० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांसाठी. एरवी अशा कर्जाला दोन तृतीयांश मतं लागत. ही अट विधिमंडळाने आधीच ६० टक्क्यांवर आणली होती. मतं पडली ६१.२ टक्के! जुनी अट असती तर बार्ट तिथेच संपली असती. मतमोजणीही तिन्ही काउंट्यांची एकत्र धरली होती. एकट्या कॉन्ट्रा कोस्टाने ६० चा आकडा गाठला नव्हता.

मला यातली सर्वांत गंमतीची वाटते ती खाडीखालच्या बोगद्याची गोष्ट. त्याचा खर्च, अंदाजे १३ कोटी ३० लाख डॉलर, या कर्जरोख्यांत नव्हताच. तो बे ब्रिजच्या टोलमधून काढायचा ठरला. म्हणजे ज्या पुलावरून आगगाडी हाकलली, त्याच पुलावरच्या मोटारवाल्यांनी तिच्यासाठी पाण्याखालून वाट काढून दिली.

पुढे महागाईने अंदाज कोसळले, १९६९ मध्ये पैसे संपले आणि विधिमंडळाने तीन काउंट्यांत अर्धा सेंट विक्रीकर लावून काम तडीस नेलं. ११ सप्टेंबर १९७२ ला पहिली गाडी सुटली. तीनच आठवड्यांत, २ ऑक्टोबरला, फ्रीमाँट स्टेशनात एक गाडी थांबायची ती थांबलीच नाही, रूळ संपले तिथे पुढे जाऊन आदळली. वेग ठरवणाऱ्या सर्किटमधला एक क्रिस्टल बिघडला होता. गाड्या चालवणाऱ्या या स्वयंचलित यंत्रणेबद्दल बार्टच्याच तीन इंजिनिअरांनी आधी धोक्याची सूचना दिली होती आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांची नोकरी गेली होती. आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळातून वाचावं. असो, विषयांतर झालं.

लोकांचं मत कायम रस्त्यांच्याच बाजूने होतं असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोत नागरिकांच्या विरोधामुळे १९५९ मध्ये बोर्डाने आखलेल्या दहापैकी सात फ्रीवे रद्द केले. पण पाण्याच्या कडेने उभा राहिलेला एम्बार्कडेरो फ्रीवे पाडायचा का, असं १९८६ मध्ये विचारलं तर मतदार नको म्हणाले. तो शेवटी १९८९ च्या भूकंपाने खिळखिळा केला आणि १९९१ मध्ये पाडला गेला. तशीच गोष्ट पेट्रोल कराची. तो पैसा ट्रान्झिटला वापरू द्यावा का, याला १९७० मध्ये कॅलिफोर्नियाने नकार दिला आणि १९७४ मध्ये होकार. मधल्या काळात पेट्रोलपंपापुढे रांगा लागल्या होत्या, एवढाच फरक.

सांता क्लारालाही पुढे उपरती झाली, पण तोवर नियम कडक झाले होते. १९७८ च्या तेराव्या प्रपोझिशनने ठरावीक कामासाठीच्या स्थानिक करांना दोन तृतीयांश मतांची अट घातली. १९९२ मध्ये इथे वाहतुकीसाठी अर्धा सेंट विक्रीकराला ५४ टक्के मतं मिळाली. बहुमत झालं म्हणून लोक खूश. १९९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कर रद्द ठरवला, कारण दोन तृतीयांश नव्हती. २००० मध्ये बार्ट आणण्यासाठीचा कर दणदणीत पास झाला. तरी गाडी चालवण्याच्या खर्चाला पैसा कमी पडत होता, म्हणून २००८ मध्ये आणखी एक अष्टमांश सेंट मागावा लागला. हवी होती ६६.६७ टक्के मतं, मिळाली ६६.७८. मोजणी कित्येक दिवस चालली होती. १३ जून २०२० ला बार्ट मिलपिटास आणि सॅन होजेच्या उत्तर टोकाला बेरिएसापर्यंत पोचली, तीही कोविडमध्ये, जेव्हा डबे ओस पडले होते. १९५७ पासून मोजलं तर त्रेसष्ट वर्षं. डाउनटाउन सॅन होजे अजून दूरच आहे.

यात आपण कुठे बसतो? विक्रीकर एच-वन व्हिसावाला देतो, ग्रीनकार्डवाला देतो, सुट्टीत आलेले आई-बाबा पटेल ब्रदर्समध्ये स्टीलचा डबा घेतात तेही देतात. मत मात्र फक्त नागरिकाला. शंभरातल्या अकरा शतांशाने जिथे निकाल लागतो, तिथे आपल्यातले जे नागरिक झाले आहेत, त्यांतले किती जण मतपत्रिकेच्या तळाशी असलेल्या त्या कंटाळवाण्या मेझरपर्यंत पोचतात? राष्ट्राध्यक्षाचं नाव निवडून पाकीट बंद करणारे मी बरेच पाहिलेत.

२०२५ मध्ये राज्याने बार्ट, कॅलट्रेन वगैरे सेवा तगवण्यासाठी नव्या विक्रीकरावर मतदान घेता यावं म्हणून कायदा केला. तो पाच काउंट्यांसाठी आहे: सॅन फ्रान्सिस्को, अलामेडा, कॉन्ट्रा कोस्टा, आणि या वेळी सॅन मटेओ आणि सांता क्लारासुद्धा.