घडवंची आणि मत्स्यपेटी

वऱ्हाडांतील जुन्या घरांतून पाण्याची जागा ठरलेली असे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत सागवानी घडवंची, तीवर भरलेले हंडे व माठ. न्हाणीजवळ जमिनींत अर्धा पुरलेला रांजण. या व्यवस्थेंत जें शहाणपण होतें त्याकडे इतिहासकारांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. इतिहासकार भांड्यावरची नक्षी पाहतो, भांड्याखालची बैठक पाहत नाहीं. आतां अमरावती-अकोल्याच्या सुखवस्तु घरांच्या दिवाणखान्यांत माशांची पांच-सहा फुटी पेटी दिसूं लागली आहे, आणि ती ॲक्रिलिकची असली म्हणजे हा बैठकीचा प्रश्न पुन्हां उभा राहतो. तेव्हां त्या पेटीची पूर्वपीठिका वाचकांपुढें मांडणें अप्रस्तुत होणार नाहीं.

माशांचें कौतुक आपल्याकडे जुनेंच आहे. चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त बाराव्या शतकांतच माशांच्या जातींचें व त्यांच्या आहाराचें वर्णन आलें आहे. परंतु बाजूनें न्याहाळतां येईल अशी पारदर्शक पेटी ही मात्र एकोणिसाव्या शतकाची निर्मिति होय. इंग्लंडांत १८४५ सालीं काचेवरील कर उठला आणि काच मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आली. १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें सोनमासे, पाणवनस्पति व गोगलगाई एकाच टांक्यांत ठेवून त्यांचें एकमेकांवर कसें भागतें तें दाखवून दिलें. १८५३ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कांतील प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप गॉस याच्या ग्रंथानें ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. सहज आठवलें म्हणून सांगतों: ज्या सालीं लंडनकर काचेआडचे मासे पाहण्यास लोटले, त्याच सालीं कंपनी सरकारनें निजामाकडून वऱ्हाड प्रांत आपल्या ताब्यांत घेतला. आमच्या पूर्वजांस त्या वेळीं मासे पाहण्याची फुरसत नसावी!

त्या काळच्या पेट्या जड असत. लोखंडी चौकट, पाटीच्या दगडाचा तळ, बाजूंस काच आणि सांध्यांत लांबी. काच वाकत नाहीं, एकदम फुटते. म्हणून भार चौकटीनें पेलावा अशी ती रचना होती. ॲक्रिलिकनें हा सारा हिशेब बदलला. १९३३ सालीं जर्मनींत ऑटो रोम याच्या कारखान्यानें ‘प्लेक्सिग्लास’ हें नांव नोंदविलें. दुसऱ्या महायुद्धांत हा पदार्थ विमानांच्या पारदर्शक छतांसाठीं वापरला गेला, आणि पुढें तो मत्स्यालयांत शिरला. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, आघात सोसण्याची शक्ति अधिक, आणि हवा तसा बांक देतां येतो. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडलें. २०१५ सालीं त्याचें नूतनीकरण झालें तेव्हां तेथें बारा फूट लांबीचा ॲक्रिलिकचा बोगदा करण्यांत आला. पुढें कांहीं वर्षांतच ती इमारत पाडली गेली.

या पदार्थावर आंधळा विश्वास टाकणाऱ्यांनीं बर्लिनची हकीकत वाचावी. तेथील एका हॉटेलच्या मध्यभागीं सुमारें १४ मीटर उंचीचें ॲक्रिलिकचें वर्तुळाकार मत्स्यालय होतें; त्यांत दहा लक्ष लिटर पाणी व सुमारें दीड हजार मासे होते. १६ डिसेंबर २०२२ रोजीं पहांटे तें एकाएकीं फुटलें. लोक झोपेंत होते म्हणून मनुष्यहानि टळली. बहुतेक मासे मात्र मेले. तज्ज्ञांनीं तुकडे जुळवून पाहिले. चिकटविलेला सांधा निकामी झाला असेल, तळाशीं खोक पडली असेल, किंवा दुरुस्तीच्या वेळीं रिकामें राहून ॲक्रिलिक कोरडें पडलें असेल, एवढ्या शक्यता त्यांनीं सांगितल्या. निश्चित कारण कांहीं ठरलें नाहीं.

घरगुती पेटीचा भार त्या मानानें किरकोळ वाटेल. पण दुकानदार पेटीचे फूट सांगतो, वजन सांगत नाहीं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच पेटींत सुमारें ६८० लिटर पाणी मावतें, म्हणजे तितकेच किलो. कापसाची गांठ १७० किलोची धरली तर चार गांठी झाल्या. वाळू, दगड व पेटी निराळीं. शिवाय पाणी केवळ खालीं दाबत नाहीं. त्या पेटीच्या सहा फुटी भिंतीवर आंतून सुमारें ३४० किलोंचा रेटा असतो, म्हणजे दोन गांठी भिंतीला टेकून उभ्या केल्यासारखेंच. ॲक्रिलिक हा रेटा किंचित् फुगून सोसतें. पण तळ जर कोठें अधांतरीं असेल, किंवा बैठकीचा एकच कोपरा खालीं दबला असेल, तर पेटीला पीळ बसतो आणि तो पीळ सांध्यांवर येतो.

येथें आमची घडवंची व चुंबळ उपयोगी पडतात. माठाचा बूड गोल. तो सपाट फळीवर ठेवला तर सर्व भार एका टिंबावर येतो. गवताची किंवा चिंध्यांची चुंबळ घातली कीं तो वाटला जातो. ॲक्रिलिकच्या पेटीखालीं जाड प्लायवूडची सलग फळी व तीवर अर्ध्या इंचाचा फोम घालतात, ती चुंबळच होय. काचेच्या कांहीं पेट्यांस चौकटीच्या कडांवर आधार पुरतो. ॲक्रिलिकला पुरत नाहीं, त्याचा तळ सर्वत्र टेकला पाहिजे. बैठक आधीं जागेवर ठेवून पाणसळ लांबींत, रुंदींत व दोन्ही कर्णांवर लावावी. उणीव असेल तर पाचर बैठकीच्या पायाखालीं, पेटीखालीं कधींहि नाहीं. माडीवर पेटी ठेवणें शक्यतों टाळावें. ठेवायचीच तर ती तुळयांवर आडवी, भिंतीलगत ठेवावी, म्हणजे भार अनेक तुळयांवर पडेल. पाणी एकदम न भरतां तिसरा हिस्सा भरून थांबावें, पुन्हां पाणसळ पाहावी, आणि पूर्ण भरल्यावर एक दिवस जाऊं द्यावा, मासे त्यानंतर. पेटी पुसण्यास स्पिरिट वापरूं नये. त्यानें ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.

हें झालें सर्वसाधारण. वऱ्हाडची गोष्ट थोडी निराळी आहे. आमची काळी माती कापसाला माय, पण घराच्या पायाला वैरीण! पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत आकसून तिला हातभर भेगा पडतात, आणि तिच्यावरील फरशी या श्वासोच्छ्वासाबरोबर हलते. मे महिन्यांत तंतोतंत सम असलेली बैठक भाद्रपदांत सम असेलच असें नाहीं. पारा ४५ अंशांवर चढतो तो निराळा. ॲक्रिलिक उष्णतेनें काचेच्या सातआठ पट प्रसरण पावतें, तेव्हां पश्चिमेच्या खिडकीखालीं पेटी ठेवूं नये. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांतील वाचकांनीं विहिरीचें पाणी माशांना घालण्यापूर्वीं तपासून घ्यावें, हें सांगणें नलगे. पाणसळीची परीक्षा मात्र वर्षांतून दोनदां, मृगापूर्वीं व दिवाळीच्या सुमारास, अवश्य करावी. फरक दिसला तर मासे दुसऱ्या भांड्यांत काढून पाणी उपसावें आणि मगच पायाखालीं पाचर ठोकावी. भरल्या पेटीखालीं पहार घालून ती उचकटूं पाहणारे महाभाग आमच्या पाहण्यांत आहेत.