विलायतेच्या नागरिकत्वाचा हिशेब

मुंबई बंदरातून सुटणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर काम करणारे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे मुसलमान असत. ते ब्रिटिश बादशहाची प्रजाच होते. तरीही 1925 साली लंडन सरकारने हुकूम काढला की ज्या 'रंगीत' खलाशाजवळ ब्रिटिश प्रजा असल्याचा कागद नसेल, त्याने परका माणूस म्हणून पोलिसांत नोंद करावी. आयुष्य बोटीवर गेलेल्या माणसाने असा कागद आणायचा कुठून? आपला आणि विलायतेचा कागदाचा झगडा एवढा जुना आहे. पैशाचा झगडा मात्र अलीकडचा.

1 जानेवारी 1949 पासून लागू झालेल्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या कुणालाही ब्रिटनमध्ये येऊन राहता येऊ लागलं. वर्षभर राहिलं की नोंदणी करून नागरिकही होता येई. पण त्याची निकड वाटत नसे. नोकरी मिळत होती, मतदानाचा हक्कही होता. तो भारतीय नागरिकाला तिथे आजही आहे. शिवाय भारताच्या 1955 च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं जातं. गावी घर-जमीन, म्हातारे आई-बाप. पासपोर्ट कशाला बदलायचा?

मग दारं एकेक करून बंद होत गेली. 1962 चा कायदा, 1968 चा, आणि 1 जानेवारी 1973 पासून लागू झालेला 1971 चा. आधीच स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क शाबूत ठेवला, पण त्याचा कागद सगळ्यांना दिला नाही. त्याचं फळ 2018 च्या विंडरश प्रकरणात दिसलं. पन्नास वर्षं राहिलेल्या माणसांकडे पुरावे मागितले गेले. बोभाटा झाला तो कॅरिबियन लोकांमुळे, म्हणून आपल्याकडे वाटतं की हे त्यांचंच प्रकरण. तसं नाही. 1973 पूर्वी स्थायिक झालेला भारतीयही त्या योजनेत बसतो, आणि तिथे अर्जाला फी नाही. घरातल्या एखाद्या आजोबांना हे सांगितलं नसेल तर सांगावं.

कुटुंबाच्या दृष्टीने खरी रेघ 1 जानेवारी 1983 ची. त्याआधी ब्रिटनच्या भूमीवर जन्मलेलं मूल जवळपास आपोआप नागरिक होई. त्यानंतर जन्माच्या वेळी आई किंवा बाप नागरिक अथवा स्थायिक असावा लागतो. त्यामुळे एकाच घरात मोठा मुलगा परका आणि धाकटी बहीण ब्रिटिश, असा प्रकार होऊ लागला. धाकटीला फक्त पासपोर्ट काढायचा. थोरल्यासाठी नोंदणीची फी. आई-बापांना कायमचा परवाना मिळण्याच्या आधी जन्मला, एवढीच त्याची चूक.

ही फी पूर्वी कामाच्या खर्चाइतकी असे. 2004 च्या कायद्याने खर्चापेक्षा जास्त घ्यायची मुभा मिळाली आणि ती वाढतच गेली. 2018 मध्ये मुलाची फी 1,012 पौंड होती. सरकारचा स्वतःचा खर्च 372. बाकीच्या पैशातून इमिग्रेशनचा इतर कारभार चालायचा. त्या वेळचे गृहमंत्री साजिद जाविद, पाकिस्तानातून आलेल्या बस ड्रायव्हरचे चिरंजीव, यांनीही मुलांसाठी ही रक्कम फार मोठी असल्याचं कबूल केलं. कमी मात्र केली नाही. मुलांच्या बाजूने लढणाऱ्या संस्थेने दावा लावला. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने आणि 2021 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की मुलांच्या हिताचा विचार सरकारने केला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने मात्र फेब्रुवारी 2022 मध्ये एवढी फी लावायचा अधिकार सरकारला आहे, असा निकाल दिला. तरी लढाई अगदीच फुकट गेली नाही. त्याच वर्षीच्या जूनपासून ज्या मुलांच्या घरी ऐपत नाही त्यांना फी माफीचा अर्ज करता येतो. मोठ्यांना अशी माफी नाही.

एप्रिल 2025 च्या दराने हिशेब असा. मोठ्या माणसाचे 1,605 आणि शपथविधीचे 130 पौंड, मुलाचे 1,214. आई-बाप आणि दोन मुलं म्हणजे 5,898. दोघांच्या 'लाइफ इन द यूके' परीक्षेचे 100 वेगळे. रुपयांत सहा लाखांच्या वर. कायमच्या परवान्याला दरडोई 3,029 आधीच भरलेले असतात. अर्ज फेटाळला तर शपथविधीचे 130 तेवढे परत.

व्याजाचं कर्ज नको म्हणणाऱ्या घरात मग भिशी लागते, नाहीतर भाऊबंदांकडून कर्ज-ए-हसना. पण चौघांचे अर्ज एकदम करायलाच हवेत असं नाही. कायमचा परवाना हातात असला की मोठ्यांना घाई नसते, सलग दोन वर्षं देशाबाहेर राहू नये म्हणजे झालं. घाई असते ती मुलांची: अठरा पूर्ण झाली की मुलांची वाट बंद. म्हणून अनेक घरांत आधी एक पालक आणि मुलं अर्ज करतात, दुसरा मागाहून. तिथेच जन्मून पहिली दहा वर्षं तिथेच वाढलेल्या मुलाला तर आई-बापांचे कागद कसेही असोत, नोंदणीचा स्वतःचा हक्क आहे.

मागे राहणारा तो दुसरा पालक बहुतेक वेळा आई असते. तिचा भारतीय पासपोर्ट घरात शेवटपर्यंत टिकतो, आणि सुट्टीत गावी जाताना व्हिसा किंवा ओसीआय न लागणारी घरात ती एकटीच असते.