एकशे वीस दिवसांची चौकशी

महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक जाडजूड पुस्तक हमखास सापडतं : खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम आणि त्याची १९८१ ची नियमावली. बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी आधी सहशिक्षिका होते, नंतर मुख्याध्यापिका झाले. आमच्याकडे हे पुस्तक उघडलं जायचं ते रजा, वेतनवाढ आणि ज्येष्ठता यादीच्या भांडणांपुरतं. नियम २८ पर्यंत फारसं कुणी जात नसे. कर्मचाऱ्याला कामावरून काढण्याची कारणं त्यात दिली आहेत. त्यातल्या 'नैतिक अधःपतन' या कारणाखाली विद्यार्थिनीशी किंवा विद्यार्थ्याशी केलेलं असभ्य, अनैतिक वर्तन असं सरळ नमूद आहे. म्हणजे मुलगीही आली आणि मुलगाही. भारतीय दंड संहितेत त्या वेळी मुलग्यांसाठी कलम ३७७ सोडलं तर काही नव्हतं. शाळेत असं घडतं, हे शिक्षण खात्याला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच या नियमानं ठेवलेली नाही.

ठाऊक असून करायचं काय, याचं उत्तर नियम ३६ मध्ये होतं. तीन जणांची चौकशी समिती. एक सदस्य संस्थेचा, एक आरोप असलेल्या कर्मचाऱ्यानं निवडलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. पहिल्या बैठकीपासून १२० दिवसांत अहवाल द्यायचा. कर्मचाऱ्यावर अन्याय होऊ नये, संस्थाचालकानं मनात आलं म्हणून कुणाची नोकरी घालवू नये, यासाठी ही तजवीज होती आणि त्या बाबतीत ती चांगलीच आहे. आमच्यापैकी कितीतरी शिक्षक तिच्यामुळे टिकले. पण आठवीतल्या पोरीनं गुरुजींची तक्रार केली तरी तीच समिती, कॅशबुकात घोळ झाला तरी तीच. तिथं मूल फार तर साक्षीदार. समितीतला एक माणूस गुरुजींनीच निवडलेला.

प्रत्यक्षात प्रकरण समितीपर्यंत पोचायचंच नाही. अध्यक्षसाहेबांच्या वाड्यावर रात्री बैठक व्हायची. मुलीच्या वडिलांना बोलावलं जायचं, गावातले दोन वजनदार पाहुणे मध्ये बसायचे. शिक्षकाची संस्थेच्या दुसऱ्या शाखेत बदली आणि मुलीच्या हातात दाखला, असा त्याचा शेवट. आम्ही त्याला 'मिटवणं' म्हणायचो, आणि जो मुख्याध्यापक नीट मिटवू शकायचा त्याला प्रशासनाची जाण आहे असं मानलं जायचं. त्या दुसऱ्या शाखेतही मुली होत्या. ही गोष्ट बैठकीत निघायची नाही.

पोलिसांना न कळवण्यात कायदा मोडला जात नव्हता, हे आजच्या तरुण शिक्षकांना पटत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ मध्ये नागरिकानं पोलिसांना कळवलेच पाहिजेत अशा गुन्ह्यांची यादी होती. खून होता, दरोडा होता. बलात्कार नव्हता. अमेरिकेत डेन्व्हरच्या हेन्री केम्प या बालरोगतज्ज्ञानं १९६२ मध्ये मारहाण झालेल्या मुलांवर लेख लिहिला आणि पाच वर्षांत तिथल्या सगळ्या राज्यांत कळवण्याची सक्ती आली, आधी मुख्यतः डॉक्टरांवर आणि पुढे शिक्षकांवरही. आपण १९९२ मध्ये बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झालो. शाळेत त्याचं पोस्टर आलं.

आपल्या शेजारी गोव्यानं मात्र वाट पाहिली नाही. मडगावात 'गुरुकुल' नावाचा अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली, १९९६ मध्ये जन्मठेप झाली. पोरक्या मुलांचा कैवारी म्हणून मिरवणारा हा माणूस तीच मुलं परदेशी पर्यटकांना पुरवत होता. गोव्यानं २००३ मध्ये स्वतःचा बाल कायदा केला, त्यासाठी वेगळं बाल न्यायालय ठेवलं. त्यात एक कलम मला फार आवडतं. फोटो स्टुडिओत धुवायला आलेल्या रोलमध्ये मुलांची अश्लील चित्रं दिसली, तर ती धुणाऱ्यानं पोलिसांना कळवायचं. पीट्सकडे फोटो आणि निगेटिव्हचा साठा सापडला होता. ज्याच्या नजरेला गोष्ट आधी पडते त्याच्यावर जबाबदारी टाकायची, एवढा साधा विचार त्यामागे आहे. रोल धुणाऱ्याची आठवण झाली तेव्हा आपल्याकडच्या शिक्षकाची अजून व्हायची होती.

२००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेरा राज्यं, महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात. १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं आणि त्यातल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. ज्यांनी सांगितलं त्यांत मुलगेही जवळपास मुलींइतकेच होते. हा आकडा मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवला तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "ते दिल्ली-मुंबईचं असेल."

मग १४ नोव्हेंबर २०१२. बालदिनाचा मुहूर्त साधून मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा 'पोक्सो' कायदा लागू झाला. आमच्याकडे त्या दिवशी वक्तृत्व स्पर्धा होती, चाचा नेहरूंवर सव्वीस भाषणं झाली आणि कायद्याचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. मुख्याध्यापकाची खोली बदलून टाकणारं कलम त्यात होतं, एकोणीस. गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडण्याची नुसती शंका आली, त्यानं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. कलम २१ त्याची शिक्षा सांगतं : न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. चौकशी करा, खातरजमा करा, असं कुठंही म्हटलेलं नाही. खरं-खोटं ठरवायचा अधिकार अध्यक्षसाहेबांच्या वाड्यावरून काढून घेतला गेला. माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही, शिक्षेच्या वर्षांपेक्षाही मोठी.

प्रशिक्षणं त्यानंतर सुरू झाली. गटसाधन केंद्राचा हॉल, बंद पडणारा प्रोजेक्टर, अकरा वाजता चहा-बिस्किटं. पहिली काही वर्षं साधनव्यक्ती कलमं वाचून दाखवायचे आणि आम्ही हजेरीपत्रकावर सह्या करायचो. प्रश्न विचारा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : "तक्रार खोटी असली तर?" विचारणारा बहुधा पुरुष. कलम २२ नुसार बदनामीच्या हेतूनं खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे, मुलाला कसलीही नाही, हे उत्तर ऐकून निम्मा हॉल नाराज व्हायचा.

खरं शिक्षण आलं ते मुंबईच्या 'अर्पण'सारख्या संस्थांनी तयार केलेल्या साहित्यातून आणि चाइल्डलाइनच्या 'कोमल' या कार्टूनपटातून. मुलांना दाखवायला आणलेली ती फिल्म शिक्षकांनीच जास्त टक लावून पाहिली. मूल सांगायला लागलं की काय करू नये, याची यादी शिक्षकासाठी मोठी आहे, कारण वर्षानुवर्षं आपण नेमकं तेच करत आलो. "नक्की का?" म्हणायचं नाही. आपण नाव सुचवायचं नाही. कुणालाच सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही. ज्याच्यावर बोट आहे त्याला खोलीत बोलावून समोरासमोर करायचं नाही. मूल जे शब्द वापरेल तेच कागदावर, वेळ आणि तारीख घालून. चार जणांसमोर पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही. पुढचा जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, साध्या कपड्यांत घ्यायचा, हे कायद्यानंच ठरवलेलं आहे.

ओळखायचं कसं, हे मात्र पुस्तकापेक्षा आमच्या भागानं जास्त शिकवलं. दिवाळी झाली की आई-बाप ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात जातात. पोरं आजी-आजोबांकडे, चुलत्याकडे किंवा हंगामी वसतिगृहात. मार्च-एप्रिलपर्यंत मुलाकडे रोज पाहणारा माणूस बहुतेक वेळा शिक्षकच. मधल्या सुट्टीत एकटी बसणारी, शनिवारी शाळा सुटली तरी रेंगाळणारी, अचानक नवी कंपासपेटी आणि खाऊला पैसे असणारी, शौचालयात जायला घाबरणारी. यातलं एकही लक्षण पुरावा नाही. आजीची आठवण येऊनही मूल एकटं बसतं. पण हजेरीपटावर खाडे कुठल्या वारी पडतात हे बघायची सवय लागली, की बरंच दिसायला लागतं.

कायद्याला एक कंगोरा आहे आणि तो बोचतो. अठराच्या आतला प्रत्येक संबंध गुन्हा. सतरा वर्षांची पोरगी विश्वासानं आपल्या मित्राबद्दल काही सांगायला लागली, तर बाईंना ते ठाण्यात कळवणं भाग. मुली हुशार असतात, त्यांना हे पटकन कळतं आणि त्या बोलायच्या थांबतात. यावर प्रशिक्षणात समाधानकारक उत्तर मी ऐकलेलं नाही.

न कळवण्याची सवय कायद्यानं लगेच सुटली नाही. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहात लहान आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला होता, तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हाच आहे असं बजावलं. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यानं शाळाशाळांत 'सखी सावित्री' समित्या नेमायला सांगितल्या होत्या. तक्रारपेटीचं परिपत्रक त्याहून जुनं. कागद सगळे जागेवर होते.

तरी ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर घडलं. बालवाडीच्या वयाच्या दोन मुलींवर अत्याचार, आरोपी शाळेतला सफाई कामगार, गुन्हा नोंदवायला दिरंगाई. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि लोकल कित्येक तास बंद राहिल्या. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, वेळेत न कळवल्याबद्दल संस्थेच्या विश्वस्तांवरही गुन्हा दाखल झाला. शासनाचा निर्णय आंदोलनाच्या दुसऱ्याच दिवशी आला : महिनाभरात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, समित्या. माझे अनेक सहकारी कॅमेऱ्यांच्या कोटेशनमध्ये अडकले. कॅमेरा भिंतीला लावता येतो आणि त्याचं बिलही जोडता येतं.

२०२० च्या पोक्सो नियमांतला तिसरा नियम याहून पुढचा आहे. शिकवणारे-न शिकवणारे, कायम-कंत्राटी, मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पडताळणी आणि वेळोवेळी प्रशिक्षण, असं त्यात आहे. निवृत्तीनंतर मला कुणी बोलवलं तर मी एकच अट घालते : शिपाई, खिचडी शिजवणाऱ्या ताई आणि व्हॅनवाले हॉलमध्ये बसले पाहिजेत. कोणतं पोर दोन दिवस जेवलं नाही हे ताईंना वर्गशिक्षकाच्या आधी कळतं.

अलीकडच्या एका बैठकीत खोट्या तक्रारीचा विषय कुणी काढला नाही. मागच्या रांगेतला व्हॅनवाला उठला आणि म्हणाला, "मॅडम, मी जाऊन सांगितलं अन् उलट माझंच नाव लागलं तर?" मी त्याला १९ व्या कलमाचं सातवं पोटकलम सांगितलं : चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही. तो म्हणाला, हे ठाणेदाराला माहीत आहे का? मग मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ आणि आणीबाणीचा ११२ हे दोन्ही नंबर त्यानं स्टिअरिंगजवळ चिकटवायला कागदावर लिहून घेतले, आणि त्या कलमाची झेरॉक्स मागितली.