गांजावरील अबकारी : तराजू आणि वही

ब्रिटिश बंगालमध्ये 1793 च्या सुमारास गांजाच्या विक्रीला परवाना आवश्यक ठरला. मात्र सुरुवातीच्या काळात कर दुकानावर बसत असल्याने दुकानात किती माल खपला, याची मोजदाद सरकारला फारशी करावी लागत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वजनावर, म्हणजे शेरामागे, अबकारी (मादक मालावरील उत्पादनकर) बसू लागली, आणि मग सारा कारभारच तराजू आणि वही यांवर आला. राजशाही जिल्ह्यातील नौगाव परिसरापुरती लागवड मर्यादित करून माल सरकारी देखरेखीखालील वखारीत ठेवला जाई, आणि कर भरल्यावाचून तो किरकोळ विक्रेत्याच्या हाती पडत नसे. चपटा, गोल आणि चूर या तिन्ही प्रकारांचे दर वेगळे होते, कारण चपट्या गांजात देठांचे वजन अधिक, तर चुरात जवळजवळ नसे. ही बारकाई हिशेबनिसाची होती, नीतिरक्षकाची नव्हे. त्यातच दुकानाच्या परवान्याचा लिलाव होई, त्यामुळे विक्रेत्यावर दुहेरी भार पडे.

गांजा-भांगेच्या चौकशीसाठी 1893 साली नेमलेल्या हेम्प ड्रग्ज आयोगाने मुंबई इलाख्याचाही विचार केला, जिथे अहमदनगर आणि सातारा हे लागवडीचे मुख्य जिल्हे होते. आयोगाने सरसकट बंदी नाकारून नियंत्रित लागवड, परवाने आणि पुरेसा कर यांचा पुरस्कार केला. महसुलाची सोय त्यात उघड दिसते. 1985 च्या केंद्रीय कायद्याने गांजाची परवानाधारक किरकोळ विक्री संपुष्टात आणली. पानांपासून होणारी भांग मात्र त्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येबाहेर राहिली आणि तिचे नियमन राज्यांकडे आहे.