रथ कुठे आहे? मिलिंद राजा, भदंत नागसेन आणि ‘मी’चा शोध

१/ इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिनँडर नावाच्या ग्रीक राजाची सत्ता होती. राजधानी सागल, म्हणजे बहुधा आजचे सियालकोट. त्याच्या नाण्यांच्या एका बाजूस ग्रीक, तर दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लेख आढळतो. पाली ग्रंथ ‘मिलिंदपञ्ह’ त्याला मिलिंद म्हणतो.

२/ ग्रंथ राजानंतरच्या काळात आकाराला आला. त्यामुळे त्यातील संवाद शब्दशः घडले असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न मात्र अस्सल आहेत.

३/ राजाने भिक्षूला नाव विचारले. लोक आपल्याला नागसेन म्हणतात, पण ते केवळ व्यवहारापुरते नाव असून त्यामागे कोणी ‘व्यक्ती’ सापडत नाही, असे उत्तर आले. राजा चकित झाला. मग चीवर कोण नेसतो? ध्यान कोण करतो? नागसेनांना कोणी ठार मारले, तर तो खूनही ठरणार नाही काय? ही आपत्ती क्षुल्लक नव्हती. कर्ताच नसेल तर पाप-पुण्याचा हिशेब कोणाच्या नावे मांडायचा?

४/ नागसेनांनी विचारले, महाराज पायी आले की रथातून? रथातून. मग आस म्हणजे रथ काय? चाके? जू? लगाम? की हे सारे वगळून उरते ते? प्रत्येक वेळी राजाला ‘नाही’ म्हणावे लागले. अवयव एकत्र जुळले की ‘रथ’ हे नाव पडते. ‘नागसेन’ हे नावही तसेच.

५/ कठोपनिषदातही रथ आहे. तेथे शरीर रथ, बुद्धी सारथी आणि आत्मा रथात बसलेला स्वामी. नागसेनांच्या रथात स्वामीची जागाच रिकामी आहे. दृष्टान्ताचे श्रेय मात्र एकट्या नागसेनांचे नव्हे. तो वजिरा या भिक्षुणीच्या नावे संयुत्तनिकायात आधीच नोंदलेला आहे, आणि मिलिंदपञ्हातही तिचे नाव घेतले आहे. तिची आठवण क्वचितच निघते.

६/ राहिला जबाबदारीचा प्रश्न. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले आणि म्हटले, याने लावलेले आंबे वेगळे होते, मी तोडलेले वेगळे. तो सुटेल काय? राजा म्हणाला, नाही. तोडलेले आंबे लावलेल्यांतूनच आले. माणसाचेही असेच. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत पहिल्या व शेवटच्या प्रहरी तीच नसते, पण परकीही नसते.

७/ पुढील चर्चेसाठी नागसेनांनी अट घातली: वाद पंडितांच्या रीतीने व्हावा, राजांच्या नव्हे. पंडित हरला तरी रागावत नाही. राजे विरोध करणाऱ्याला दंड देतात. राजाने ती मान्य केली.

८/ १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. त्याला नाव मिळाले मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन.