स्विचच्या दारावरचा पहारा : व्हीलॅन आणि ट्रंक यांचा इतिहास

१/ आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला ‘ट्रंक कॉल’ हा शब्द चांगलाच परिचित होता. दोन गावांच्या टेलिफोन एक्सचेंजांना जोडणाऱ्या आणि अनेकांची संभाषणे वाहून नेणाऱ्या मुख्य वाहिनीला ‘ट्रंक’ म्हणत. हाच शब्द पुढे संगणकांच्या जाळ्यात आला. त्या वाहिनीचे दार कोणासाठी उघडावे आणि तो निर्णय माणसाने घ्यावा की यंत्राने, या वादाचा हा धागा.

२/ २२ मे १९७३. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची रूपरेषा मांडणारे टिपण लिहिले. सारे संगणक एकाच तारेवर. एकाने बोललेले सर्वांच्या कानी. एका इमारतीपुरती ही व्यवस्था उत्तम होती. जाळी एकमेकांना जोडली जाऊ लागली, तशी तिची मर्यादा दिसू लागली.

३/ १९८५ च्या सुमारास रेडिया पर्लमन यांनी ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत दिली. जाळ्यात माहिती गोल गोल फिरत राहू नये म्हणून ती जादा मार्ग बंद ठेवते. पण त्यामुळे सारा भार मोजक्या मार्गांवर पडे. बेलकोरमधील डेव्हिड सिंकोस्की आणि चेस कॉटन यांनी त्यावर तोड सुचवली : प्रत्येक पॅकेटवर खूण करावी आणि प्रत्येक खुणेला स्वतंत्र वृक्ष द्यावा. व्हीलॅनचे, म्हणजे आभासी स्थानिक जाळ्याचे, बीज इथे आहे.

४/ १९९० मध्ये ‘कल्पना’ नावाच्या अमेरिकी कंपनीने सात पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. स्विचमध्ये व्हीलॅनची सोय आल्यावर एकाच पेटीत अनेक अदृश्य भिंती उभारता येऊ लागल्या. महाविद्यालयाचा लेखाविभाग आणि विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा एकाच स्विचवर असूनही परस्परांना अगोचर राहू शकत होती.

५/ मात्र एकच व्हीलॅन दोन स्विचवर पसरला, तर? प्रत्येकासाठी वेगळी तार ओढणे अशक्यच. म्हणून एकाच ट्रंकवरून सर्वांची वाहतूक आणि प्रत्येक फ्रेमवर तिच्या व्हीलॅनची चिठ्ठी. सिस्कोची आयएसएल पद्धत मूळ फ्रेमभोवती ३० बाइटांचे वेष्टन घाली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८०२.१क्यू या सार्वत्रिक मानकाने ते काम ४ बाइटांत केले. त्यातील १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी. वापरण्याजोगे क्रमांक ४०९४.

६/ शेकडो स्विच हाताने जुळवणे कष्टाचे होते. सिस्कोने दोन सोयी दिल्या. डीटीपीमुळे समोरासमोरचे पोर्ट आपसांत बोलणी करून ट्रंक बनू लागले. व्हीटीपीमुळे एका स्विचवर केलेली व्हीलॅनची नोंद ट्रंकवरून इतरांपर्यंत आपोआप पोहोचू लागली. दोन्हींच्या मुळाशी एक गृहीतक होते : तारेच्या पलीकडे आपलाच माणूस आहे.

७/ गृहीतक खोटे ठरले की भिंत कोसळते. बोलणीस तयार असलेल्या पोर्टाला जोडलेला साधा संगणक ‘मीही स्विच आहे’ असे डीटीपीच्या भाषेत सांगू शकतो. पोर्ट ट्रंक बनतो आणि त्यावर मुभा असलेले सारे व्हीलॅन त्या संगणकाच्या आवाक्यात येतात. २००५ मध्ये युरोपातील ब्लॅक हॅट परिषदेत मांडलेल्या ‘यर्सिनिया’ या साधनाने हा हल्ला अगदी सोपा करून दाखवला. हे नाव प्लेगच्या जंतूचे. १८९७ चे पुणे आठवणाऱ्यांना त्याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

८/ दुसरा धोका शत्रूवाचूनचा. व्हीटीपीत ज्याचा आवृत्ती-क्रमांक मोठा, त्याची यादी खरी. प्रयोगशाळेत वापरलेला जुना स्विच त्याच डोमेनचे नाव आणि मोठा क्रमांक घेऊन जाळ्यात शिरला, तर त्याची अपुरी यादी सर्वत्र पसरते. व्हीलॅन पुसले जातात आणि त्यांवरचे पोर्ट निष्क्रिय होतात. तिसऱ्या आवृत्तीत बदल करण्याचा अधिकार नेमलेल्या एकाच मुख्य सर्व्हरकडे ठेवला, तो याचसाठी.

९/ यातून जी शिस्त घडली ती अशी : वापरकर्त्याचा पोर्ट कायम ‘अ‍ॅक्सेस’ ठेवावा. ट्रंक हाताने ठरवावा आणि ‘नोनेगोशिएट’ने डीटीपीची बोलणी बंद करावी. ट्रंकवर गरजेचेच व्हीलॅन सोडावेत. चिठ्ठीविना जाणारा ‘नेटिव्ह’ व्हीलॅन अन्य कशासाठी वापरू नये. दुहेरी चिठ्ठीचा हल्ला त्याच फटीतून होतो. व्हीटीपी नको असेल तर बंद किंवा ‘ट्रान्स्परंट’ ठेवावा. रिकामे पोर्ट बंद करावेत.

१०/ किल्ल्याच्या इतिहासात आपण तटाची उंची मोजतो. गड मात्र पुष्कळदा दरवाजातून पडतो. व्हीलॅनची भिंत १९९८ मध्येच पक्की झाली होती. हाक देणाऱ्यासाठी दार आपोआप उघडू नये, हे शिकायला मात्र पुढची कित्येक वर्षे लागली.